हाती न आलेल्या कोंबड्या

दहावी कोंबडीही वजनात चोख भरली आणि माझं डोकं चक्रावलं. एवढ्या धडधाकट कोंबड्यांच्या शेडमध्ये रोज दोन-तीन मरत कशा होत्या?

अमडापूरजवळच्या एका महिला बचत गटाची ही शेड. एप्रिलचं ऊन, वर पत्रा. मी त्या भागाची पशुवैद्यकीय अधिकारी. मेलेल्या कोंबड्यांचं पोस्टमॉर्टेम केलं होतं; त्या वाळलेल्या निघाल्या म्हणून जिवंतांची वजनं घेत होते. नमुने लॅबला पाठवले होते. राणीखेत, म्हणजे शेडच्या शेड झोपवणारी साथ, नव्हती. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, रोग नाही ना, मग उन्हाने मरताहेत. विकायला सांगा आणि शेड रिकामी करा. मलाही पटलं. सोपं होतं ना!

शेड सांभाळणाऱ्या सुनंदाबाईंना मी तसं सांगितलं. घरोघर फिरून त्यांनी बायकांना या कामाला तयार केलं होतं. शेड एकदा रिकामी झाली की गट मोडणार, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. त्या भांडल्या नाहीत. माझ्या वजनांच्या वहीकडे बघून म्हणाल्या,

"मॅडम, तुम्ही धरल्या त्या साऱ्या धीट हायेत. माणूस दिसला का पायात येतात. मरून राह्यल्या त्या भेकड. त्याइले तुम्ही हातच नाही लावला."

मला राग आला. इतकी वर्षं नोकरी केल्यावर आता कोंबडी धरायला शिकायची? पण खोटं काय होतं त्यात? पायाशी आल्या त्याच मी उचलल्या होत्या. कोपऱ्यातल्यांच्या मागे धावायला त्या उन्हात कोणाला हौस!

"दाखवा मग," मी म्हणाले.

त्यांनी पोत्यांचे पडदे सोडले. अंधारात कोंबडी जागची हलत नाही. पलीकडच्या टोकाच्या कोंबड्या त्या एकेक उचलून देऊ लागल्या. तराजूची गरजच पडली नाही. छातीचं हाड हाताला टोचत होतं, गळ्याखालची दाण्याची पिशवी रिकामी होती.

पाण्याची सगळी भांडी दाराशी होती, भरायला सोयीची म्हणून. तिथे धिटांचं राज्य; भेकड आली की टोचून हाकलायच्या. एकाच घरातली दोन भावंडं सारखी नसतात, तशाच कोंबड्याही. टोच खाल्ली तर एक पाच मिनिटांत विसरते. दुसरीच्या डोक्यातली भीती लवकर उतरत नाही, शरीर ताणलेलंच राहतं. अशी कोंबडी पाण्यावाचून दाणाही खात नाही आणि पाणी समोर दिसत असूनही तहानेने मरते.

त्याच दुपारी आम्ही दोन्ही टोकांना पाणी ठेवलं, पत्र्यावर ओली पोती टाकली आणि मधे जाळी लावून भित्र्यांना वेगळं केलं. चौथ्या दिवसापासून मरणं थांबलं. साहेबांना कळवलं, तर ते म्हणाले, "छान निदान केलंत." मी म्हणाले, "सर, निदान सुनंदाबाईंचं आहे. रिपोर्टमध्ये तसंच लिहिलंय."

शेड आजही चालू आहे. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्या दिवशी त्या गप्प बसल्या असत्या, तर माझ्या सहीने एक चालतं काम बंद पडलं असतं आणि माझ्या वहीतला एकही आकडा खोटा नसता. आता शेडमध्ये गेले की मी आधी पलीकडचा कोपरा गाठते. पायाशी आलेली कोंबडी बहुधा ठणठणीत असते. तिला डॉक्टर लागत नाही.