देवळाशिवाय वाजलेला कॅमेरा

दसऱ्याच्या दिवशी उल्हासनगर कॅम्प १ मधल्या एका दुकानात साडेसात हजार रुपये देऊन मी गाडीत कॅमेरा बसवून घेतला. सोबत बायको होती, हट्टही तिचाच. माझा कारखाना आणि तिची शाळा दोन्ही अंबरनाथला. संध्याकाळी बदलापूरला परतताना मी गाडी चालवता चालवता पेंगतो, असा तिचा संशय होता. हा कॅमेरा रस्त्याकडे नाही, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. डोळे मिटले किंवा समोरचं लक्ष उडालं, की वाजतो.

पहिल्याच दिवशी वाजला. वाटेत देऊळ आलं की एक हात छातीशी नेऊन क्षणभर डोळे मिटायची माझी जुनी सवय. बायको हसली. "अहो, पोचला नमस्कार. आता पुढे बघा!" तेव्हापासून कॅमेरा वाजला की देऊळ आलं, असंच आम्ही धरून चाललो.

दिवाळीनंतर एकदा मांजर्लीत, घराजवळच, गर्दीतून गाडी सरकत होती. पुढचं मला आठवतं ते एवढंच, की गाडी थांबलेली, हँडब्रेकवर बायकोचा हात आणि समोरची रिक्षा वीतभर अंतरावर.

"ब्रेक कशाला ओढलास?" मी ओरडलो.

"कॅमेरा वाजत होता."

"नमस्कार केला असेन."

"इथे कुठलं देऊळ? हाका मारतेय, तर उत्तर नाही. आणि डोळे टक्क उघडे!"

शेजाऱ्यांना बोलावून गाडी घरी नेली. कॅमेऱ्यातलं चित्रण मोबाइलवर पाहिलं. नजर कुठेतरी अडकलेली, ओठ काही चघळल्यासारखे हलणारे. तो माणूस मीच होतो, पण मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आधीची चित्रणं काढली, तर आम्ही हसण्यावारी नेलेल्यांतली दोन अगदी तशीच.

मेंदूच्या डॉक्टरांनी ती पुन्हा पुन्हा पाहिली, तपासण्या केल्या आणि सांगितलं, "ही झोप नाही, फिट आहे. कॅमेऱ्याला आजार कळत नाही. पण तुम्हाला आठवत नाही ते त्याने दाखवलं. आता मी सांगेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

गोळ्या लागू पडल्या. गाडी चालवणं सुटल्याचं वाईट वाटतं, पण त्या रिक्षात मागे दोन मुलं बसली होती. ते आठवलं की त्या कॅमेऱ्याच्या डबीचे आणि बायकोच्या हाताचे उपकार मानतो.

आता गाडी ती चालवते. देऊळ आलं की म्हणते, "माझ्याही वाटचा नमस्कार तुम्हीच करा." मी डोळे मिटून, सावकाश, दोघांचा करतो.

या प्रकरणातले शेवटचे पैसे, पाच हजार, दिले ते तिला गाडी शिकवणाऱ्या बाईंना.