पूजेतला स्क्रू-ड्रायव्हर

हे मी कुणालाच सांगितलं नाही. मुलीला नाही, भावाला नाही. देवाला तर नाहीच — त्याच्या डोळ्यांसमोर घडलं, त्याला काय सांगायचं? तुला सांगते. मध्ये कळवळू नको.

नवरा गेल्यावर आमची जुनी पांढरी गाडी मी भाड्याला लावली. ड्रायव्हर सेल्वम, इथलाच तमिळ माणूस — एकोणीस वर्षं आमच्याकडे. गाडी काढण्याआधी त्याचं रोज एकच: पेडल दाबून बघायचं, ब्रेक-ऑइल किती आहे ते बघायचं, मग वाकून चारी चाकांच्या आतून हात फिरवायचा. बोटं कोरडी निघाली तरच किल्ली. मी हसायचे. "चाकं आहेत रे ती, वासरं नव्हेत."

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, गाडी धुतली. पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, सगळं चंदन-कुंकू लावून देवापुढे मांडलं. त्या दिवशी आमच्याकडे हत्यार उचलत नाहीत. आणि नेमकी त्याच दिवशी त्याची बोटं ओली निघाली.

"मागच्या चाकातून ऑइल गळतंय, मा. दोनदा मारल्याशिवाय पेडल धरत नाही. आतलं रबर गेलंय. आजच उघडतो."

"आज हत्याराला हात लावायचा नाही."

"मग उद्या गाडी नको, मा."

उद्या विजयादशमी. नणंद नातीला घेऊन तिरुवैयारूला जाणार होती — वीणेचा पहिला धडा त्याच दिवशी घ्यायचा म्हणून. सकाळीच तिने टोमणा मारला होता, "वहिनी, तुझं डबडं निघेल ना, का मी बस बघू?" तिला "बस बघ" म्हणायचं? जीभ वळली नाही. सेल्वमला सांगितलं, वरून ऑइल भर नि जा, आल्यावर उघड.

देवाधर्मापायी झालं, म्हणशील. थू! त्याच दुपारी कढईचा कान हलत होता, तर मी देवापुढचा तोच स्क्रू-ड्रायव्हर उचलला, कान आवळला आणि परत ठेवला. कुंकू पुसू नये म्हणून जपून धरला होता, बघ. कढईला चाललं आणि चाकाला चालत नव्हतं? मला माझीच शिसारी येते. पण एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं.

दुसऱ्या दिवशी पुलावरून उतरताना पुढे बस थांबली. पेडल तळाला गेलं. त्याने हँडब्रेक ओढला, गाडी वळवली आणि स्वतःच्या बाजूने चिंचेवर घातली. मागच्या दोघींना खरचटलं. त्याचा उजवा गुडघा गेला — ब्रेकवरचा पाय.

इस्पितळाच्या व्हरांड्यात नणंदेने विचारलं, "याने तुला आधी काही सांगितलं होतं?"

"एका शब्दाने नाही," मी म्हणाले. मराठीत म्हणाले. सेल्वम हातभर अंतरावर स्ट्रेचरवर पडला होता. तो तमिळ माणूस, त्याला काय कळतंय — असं मी मनाशी म्हटलं. खोटं. आमची मराठी तो आमच्याच स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून शिकला होता. त्याने तोंड भिंतीकडे केलं.

नणंदेने गल्लीभर सांगितलं, ड्रायव्हर बेफिकीर. मी ऐकत राहिले. वर्षाने गाडी शिकवणारा एक जण घरी आला. सेल्वमला बसून शिकवायचं काम द्यायचं होतं, पाय धड नसला तरी चालणार होतं. माणूस कसा आहे, एवढंच त्याने विचारलं. तेव्हा ना नणंद समोर होती, ना कुणी. एक खरं वाक्य पुरलं असतं. मी काय म्हणाले? "गाडीकडे लक्ष नसायचं त्याचं."

सेल्वम पलीकडच्या गल्लीत राहतो. काठी टेकत कोविलात दर्शनाला येतो. मला बघून थांबतो. "सौख्यमा, मा?" असं विचारतो, अजून. बरी आहे, म्हणते.

बरीच आहे मी. कढईचा कानही अजून हललेला नाही.