तांडेल परत का फिरला

इनेस मॅथेसन वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याच्यावर चिडाल. चिडा, पण थोडा राग माझ्यासाठी राखून ठेवा.

इन्व्हर्नेसहून सकाळी आठला त्याची सोळा जणांची बस निघायची. गाडीही तोच चालवायचा आणि तोंडही. सरोवरापाशी थांबला की उतारूंना पाण्यातल्या राक्षसाची पाठ दाखवायचा. दिसली नाही तर म्हणायचा, "आज त्याला सर्दी झालीय." पुढच्या पडक्या किल्ल्यात त्याने स्वतःच्या मनाने एक भूत बसवलं होतं, नवऱ्याची वाट बघणारं. एकदा दाखवताना खिडकी चुकली तर म्हणाला, "बाईंनी खोली बदलली." लोक खूश. भुताची कसली अब्रू जातेय? मग किनाऱ्याकिनाऱ्याने येत तीनच्या सुमाराला बस आमच्या बंदरावर थांबायची, आणि सगळे माझ्या दुकानात धुरावलेल्या माशाचं सूप प्यायचे.

धक्क्यावर एक दगड आहे. त्यावर 'इशबेल' हे बोटीचं नाव आणि खाली चार माणसांची. पहिलं बोटीच्या म्होरक्याचं, तांडेल रॉरी मॅकिननचं. बासष्ट वर्षांपूर्वीच्या वादळात रॉरीची बोट सुखरूप आत आली होती. दुसऱ्या एका बोटीचं इंजिन बाहेर बंद पडलंय असं कळलं, म्हणून तिला ओढून आणायला तो परत फिरला. बंदराच्या तोंडाशी दोर तुटला. ती बोट कशीबशी आत आली आणि 'इशबेल' खडकावर गेली. वाचलेल्या बोटीत माझे वडील होते. मी त्यानंतर तीन वर्षांनी जन्मले.

सुरुवातीला इनेस एवढंच सांगायचा, "परत का फिरला, देव जाणे." एकदा एक उतारू म्हणाला, "व्हिस्कीची बाटली विसरला असेल!" सगळे खो खो हसले. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य इनेसच्या तोंडी, आणि महिन्याभरात त्याला असं तिखटमीठ लागलं की बुडतानाही रॉरीने बाटली सोडली नाही. मी ट्रे घेऊन दारात उभी होते. मीही हसले. हसलेली माणसं सूप दुसऱ्यांदा मागतात, हे मला दिसत होतं.

नऊ वर्षं मी मिठाची गुळणी धरून बसले. वडील दुकानाच्या खिडकीशी बसायचे आणि बस आली की हात वर करायचे. कान पार गेले होते त्यांचे. ते बहिरे झाले याचं मला बरं वाटायचं. असं वाटणाऱ्या मुलीला काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा. दोन वर्षांपूर्वी ते गेले.

गेल्या सप्टेंबरात बसमधून सत्तरीची एक बाई उतरली. इनेसने बाटलीची गोष्ट काढली, पंधरा जण हसले, ती हसली नाही. आत आली, मी समोर सूप ठेवलं, तर माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तू अँगसची मुलगी ना गं? अगदी त्याचं नाक."

"हो. तुम्ही?"

"मी इशबेल."

इनेस काउंटरपाशी लोणी लावलेला स्कोनचा पाव खात होता. "ती तर बोट ना?" तो हसत म्हणाला.

"बोटीला माझं नाव दिलं होतं. मी नऊ वर्षांची होते. आईने त्याच वर्षी गाव सोडलं." मग मला म्हणाली, "दर नवीन वर्षाला तुझ्या बापाचं पत्र यायचं. आई असेपर्यंत एकही चुकलं नाही. तुला सांगितलं नव्हतं त्याने, माझा बाप कशासाठी फिरला ते?"

"सांगितलं होतं."

"आणि हा हे रोज सांगतो?"

"रविवार सोडून."

"आणि तू इथेच असतेस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इनेसने टोपी काढली. मान कानापर्यंत लाल झाली होती त्याची. "बाई, मला कुणी सांगितलं नाही हो."

"तू विचारलंस कुणाला?"

तो माझ्याकडे वळला. "डॉलिना, तुला माहीत होतं?"

मी होय म्हणून मान हलवली. त्याने शिवी दिली असती तर सोसली असती. तो अर्धा स्कोन तसाच ठेवून बाहेर गेला. इशबेलने सुपाला हात लावला नाही. पैसे मात्र मोजून ठेवले.

दुसऱ्या दिवशी बस आली. इनेस दगडापाशी उभा राहिला, पण तोंड उघडेना. नवे उतारू विचारायला लागले, हा दगड कसला? त्याने माझ्या खिडकीकडे बघितलं. बोलावलं नाही, नुसतं बघितलं. मी ॲप्रनला हात पुसले आणि बाहेर गेले. वादळ, दोर, खडक, सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही.

मागून एका पोरसवदा बाईने विचारलं, "आणि ज्यांना वाचवलं, ते पुढे जगले का हो?"

"एक जण अठ्ठ्याऐंशी वर्षं जगला," मी म्हणाले. "शेवटची सात वर्षं त्या खिडकीत बसून. तुमच्यासारखे उतारू या दगडापाशी हसायचे, आणि आपल्याकडे बघूनच हसताहेत असं समजून तो हात करायचा."