गुळाचा कौल

मी सातवीच्या परीक्षेला बसू शकले ती इंग्लंडच्या एका राजाच्या कृपेने. त्याला मरून चारशे वर्षं झाली होती, पण आमच्या मेढ्याकडच्या गावात कसलीही कृपा पोचायला तेवढा वेळ लागायचाच.

परीक्षा साताऱ्याला होती. आमचे आबा गावचे पाटील. पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर इराकात बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले, पण देवाला कौल लावल्याशिवाय दाढसुद्धा उपटून घ्यायचे नाहीत. गुरव देवाच्या छातीवर दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझ्या परीक्षेचा कौल लावला आणि पापणी लवायच्या आत डावी पडली.

"द्येवाच्या मनात न्हाई, पाटील," गुरव म्हणाला. त्याचा पोरगा गेल्याच वर्षी त्या परीक्षेत आपटला होता. हे देवाला ठाऊक असेल-नसेल, गुरवाला चांगलं ठाऊक होतं. मी दोन दिवस जेवले नाही. आई मला समजवायला आली आणि स्वतःच रडत बसली.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला आबांनी नेहमीसारखा धडा वाचायला सांगितला. राजांच्या गोष्टी त्यांना फार आवडत. सोप्यात इंग्रज बादशहाची तसबीर होती आणि तिच्या पाठीला चरख्याचं चित्र डकवलेलं होतं. फौजदार आला की बादशहा पुढे, भूमिगत पोरं भाकरीला आली की चरखा पुढे.

त्या दिवशीच्या धड्यात राजाला पहिली राणी सोडून दुसरी करायची होती. रोमचा धर्मगुरू परवानगी देईना. राजाने वर्षानुवर्षं वाट पाहिली आणि शेवटी म्हणाला, माझ्या राज्यात धर्माचा मुख्य मीच.

आबा ताठ बसले. "आन् द्येव काय म्हनला?"

"काय न्हाई म्हनला, आबा."

"मग? त्या नव्या रानीचं बरं झालं न्हवं?"

पुढच्याच पानावर राजाने तिचं मुंडकं उडवलं होतं. हे कळलं असतं तर आबांनी उठून गुरवाचे पाय धरले असते आणि माझं दप्तर चुलीत गेलं असतं. मी पान उलटलं. "सुखानं नांदली," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पलटणीतला कोट चढवून देवळात गेले. "आजपासनं कौल मी लावनार," त्यांनी जाहीर केलं. गुरव घंटा काढून घेऊन पायरीवर बसला. म्हणाला, देव तुमचा, घंटा माझी. पाकळी किती ओली करायची हे काही आबांना ठाऊक नव्हतं. पाण्याने चिकटेना, म्हणून त्यांनी गूळ लावला.

मग पाकळ्या पडेनात. सूर्य डोक्यावर आला. देवाच्या डाव्या अंगाला गुरवाची माणसं बसली, उजव्या अंगाला आमची भावकी. दुपारी मुंग्या आल्या. चांगली पिकल्या मिशांची माणसं मुंग्यांना "वढा गं बायांनो, वढा" म्हणून चेव देऊ लागली. शेवटी उजवी पाकळी सुटली, पण मुंग्यांनी ती खाली न टाकता देवाच्या खांद्यावरून वर, मुकुटामागे नेली.

आता वर गेलेला कौल धरायचा कसा? हे बसऱ्यात शिकवलेलं नव्हतं. आबा कोटाची बटणं चाचपत राहिले. हळूहळू सगळं गाव पायरीवरच्या गुरवाकडे बघायला लागलं.

गुरवाने सावकाश उठून घंटा जागेवर टांगली. "आवं, वर गेला म्हंजे द्येवानं सोता घेतला. उजवाच हाय त्यो. पन पाटील, ह्यापुढं कौल मीच लावनार. आन् माज्या पोराला संगं न्यायचं. पोरगी त्याला वाटंत इतिहास सांगंल."

"कबूल," आबा म्हणाले. इतक्या लवकर शरण आलेला राजा माझ्या पुस्तकात एकही नव्हता.

साताऱ्याला जाताना आबा बैलगाडी हाकत होते आणि मागे मी गुरवाच्या पोराला धडा सांगत होते. गोष्ट राणीपाशी आली तेव्हा आबांनी बैलांना हाकारायचंही थांबवलं.

"मंग रानीचं काय झालं?" पोराने विचारलं.

सातारा अजून दोन कोस होता आणि गाडी तिथून सहज मागे वळली असती. "सुखानं नांदली," मी म्हणाले. उतरल्यावर त्याला बाजूला घेऊन खरं सांगायचं मी ठरवलं होतं. पण तिथली ती दगडी इमारत आणि पोरांची गर्दी पाहून माझंच चित्त थाऱ्यावर राहिलं नाही आणि सांगायचं राहून गेलं.

नेमकी तीच राणी पेपरात आली. मी मुंडकं उडवलं. येताना गुरवाचा पोरगा खुशीत होता. त्याने राणीच्या संसारावर पानभर लिहिलं होतं, पदरची दोन मुलंही घातली होती.

मी पास झाले. तो इतिहासात थोडक्यासाठी गेला. आबांनी देवळात पेढे वाटले, तेव्हा माझ्या हातावर तीर्थ घालत गुरव म्हणाला, "पोराचं द्येवाच्या मनात न्हवतं बग, पोरी."

मला इतकी लाज वाटली की बोलायला मी तोंड उघडलंही. पण शेजारी आबा उभे होते. मी तीर्थ घेतलं आणि मान हलवली.