पन्नास जुडापिना आणि एक शिकलगार

"मॅडम, तुमची पिन माझ्या मावशीच्या डोक्याला टोचली. रक्त आलं."

सकाळचे साडेनऊ वाजले होते. माझ्या एका हातात चहा, दुसऱ्या हातात बबल रॅप. फोनवर पुण्याची सायली होती. तिचं परवा लग्न. लग्नाला येणाऱ्या बायकांना भेट द्यायला तिनं आमच्या ऑनलाइन दुकानातून साठ जुडापिना मागवल्या होत्या. जुडापिन म्हणजे अंबाड्यात खोवायची काडी. आमची पितळेची असते, वीतभर लांब, वरचं टोक ठोकून पिंपळपानासारखं केलेलं. दहा पिना आधीच पाठवून झाल्या होत्या. उरलेल्या पन्नास माझ्यासमोर पॅक करून ठेवलेल्या, आणि अकराला कुरियरचा पिकअप.

"फार लागलं का त्यांना?"

"फार नाही, पण आता घरात कुणी त्यांना हात लावायला तयार नाही. उद्या मेहंदी आहे, मला हा डोक्याला ताप नकोय. ऑर्डर कॅन्सल करा."

मी इथेच लोणावळ्याच्या एका हॉटेलात सात वर्षं रिसेप्शनला होते. 'गरम पाणी येतंच आहे सर' हे मी इतक्या वेळा म्हटलंय की कसलीही तक्रार आली तरी माझा आवाज चढत नाही. मी म्हणाले, "चूक आमची आहे. उद्या दुपारी दोनला मी स्वतः दुरुस्त माल घेऊन येते. मावशींना आवडला तर ठेवा, नाहीतर मी तशीच परत जाईन."

"दोन म्हणजे दोन," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

एक ऑर्डर गेली म्हणून दुकान बुडत नाही. माझा जीव अडकला होता तो अब्बांमध्ये. अब्बा म्हणजे माझे सासरे. आम्ही शिकलगार. आडनावही तेच, धंदाही तोच, धार लावायचा. अब्बांनी चाळीस वर्षं सायकलवर चाक बांधून मावळातली गावं पालथी घातली. विळे, कोयते, कात्र्या, हॉटेलांच्या सुऱ्या. मग गुडघे गेले आणि सायकल सुटली. माणूस दारात बसून राहायला लागला. जेवायला हाक मारली तर 'भूक न्हाई' म्हणायचे. एकदा पितळेची एक सळई पडली होती, तिची त्यांनी माझ्यासाठी किल्ल्यांची कडी केली. मी फोटो काढून ऑनलाइन टाकला आणि दोन दिवसांत तसल्याच चार कड्यांना गिऱ्हाईक आलं. तेव्हापासून सकाळी आठला त्यांची हातोडी सुरू होते, जेवायला मलाच ओरडावं लागतं. पन्नास पिना घरातच पडून राहिल्या असत्या तर ती हातोडी त्यांनी खाली ठेवली असती. मला तेवढीच भीती होती.

एक डबा फोडला आणि पिनेच्या टोकाला बोट लावलं. कसली पिन, दाभण होता तो. सायलीनं पसंत केलेल्या नमुन्याचं टोक साधं होतं, हे माझ्या चांगलं लक्षात होतं.

"अब्बा, टोकांना काय केलंत?"

"धार दिली," अब्बा म्हणाले. चेहऱ्यावर समाधान.

"कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? आपल्या नावानं माल जातोय. शिकलगाराच्या घरातनं बोथट वस्तू गेली तर लोक काय म्हनतील?"

आता खरं सांगते. चूक त्यांच्याइतकीच माझी. लिस्टिंगसाठी, म्हणजे वस्तूचं जे ऑनलाइन पान असतं त्यासाठी, मी फोटो काढते ते थर्माकोलच्या डोक्यावर विग चढवून. माझे स्वतःचे केस मानेच्याही वर, त्यात जुडा कुठून येणार? अब्बांनी धार दिलेली पहिली पिन, धारेचं मला ठाऊक नसताना, मी त्या विगमध्ये खोवली, ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. मीच म्हणाले, "वा अब्बा, काय सुळकन जाते." झालं. सूनबाईनं शाबासकी दिली म्हटल्यावर त्यांनी साठच्या साठ पिना चाकावर धरल्या. थर्माकोल काही बोलत नाही, रक्तही येत नाही त्याला.

सायलीचा फोन काय होता ते मी त्यांना सांगितलं. ऐकून अब्बांचा चेहरा पडला. "बाईला लागलं? लय वाईट झालं," ते म्हणाले. पण टोकं बोथट करा म्हटल्यावर ताठ झाले.

"धार मारायची? ते माझ्या हातनं व्हनार न्हाई. आजवर कुनाची धार मारली न्हाई मी. नव्या पिना करू."

"उद्यापर्यंत पन्नास?"

मीही हट्टाला पेटले. कुरियरवाल्याला फोन करून पिकअप रद्द केला, कानस घेतली आणि स्वतः घासायला बसले. पहिली पिन उंदरानं कुरतडल्यासारखी दिसायला लागली. दुसरी त्याहून वाईट. अब्बा भिंतीकडे तोंड करून बसले होते, पण कानस चुकीची फिरली की त्यांच्या तोंडातून 'च्च' निघत होतं.

तेवढ्यात हिरामावशी आली. मावशी भाजे गावची. मळवलीहून लोकलनं एक स्टेशन येते आणि आमचं पॅकिंग करते. भातलावणीच्या दिवसांत सुट्टी घेते, ती मागून नाही, सांगून. तिनं माझ्या हातातली पिन बघितली, अब्बांची पाठ बघितली आणि विचारलं, "काय झालं गं?" मी सगळं सांगितलं. मावशीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अब्बांसमोर जाऊन बसली.

"आबा, माजा इळा तुमीच केलता न्हवं?"

"व्हय."

"त्याची मूठ कुनी बसवली?"

"मीच."

"तिला धार लावली व्हय?"

अब्बा वैतागले. "मुठीला कोन धार लावतं? हातात धरायची असती ती."

"मग ही डोक्यात धरायची हाय," मावशी म्हणाली. "हिच्यात पातं हायच कुटं? टोकापस्तोर समदी मूठच हाय की."

अब्बा पिन हातात घेऊन तिला या टोकाकडून त्या टोकाकडे फिरवत राहिले. मूठ बसवणं हे त्यांच्या धंद्यातलं मानाचं काम. धार कुणीही लावेल, पण दिवसभर कापणी करून हाताला फोड येऊ नये अशी मूठ अब्बांचीच, असं गावोगावी म्हणायचे. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "मूठ हाय हे आधी सांगायचं न्हाई व्हय?"

म्हणजे चूक पुन्हा माझीच. मी मान्य केली. सासऱ्यांशी वाद घालायला वेळ कुठे होता?

मग अब्बांनी काम हातात घेतलं. गव्हाच्या दाण्याएवढं टोक कापायचं, कानशीनं गोल करायचं, मग पॉलिश पेपर. हे कागद नंबरांचे असतात, नंबर जेवढा मोठा तेवढा कागद मऊ. अब्बांनी तीन नंबर फिरवले, शेवटी तेलाचं फडकं. धार तपासायला ते अंगठा वापरतात. इथे त्यांनी डोळा मिटला आणि टोक पापणीवरून फिरवलं. जरा कुठे खरखरलं की पिन पुन्हा कागदावर. तिथून पास झालेली पिन मावशीच्या अंबाड्यात जायची. मावशीनं 'अडकतीया' म्हटलं की परत. मी बिघडवलेल्या दोन पिना बघून अब्बांनी कपाळाला हात लावला आणि त्याही सरळ केल्या. दिवस मावळायच्या आत पन्नास तयार होत्या. मावशीचा अंबाडा सोडून बाकी सगळं नीट होतं.

दुसऱ्या दिवशी मी दोनला दहा मिनिटं कमी असताना सायलीच्या घरी पोचले. तिच्या मावशी समोरच बसल्या होत्या, पन्नाशीच्या, चष्मा, भरघोस जुडा. त्यांनी पिन हातात घेतली, आधी टोक तळहातावर दाबलं, मग जुड्यात घातली, काढली, पुन्हा घातली आणि मान जोरात हलवून बघितली. सगळं घर त्यांच्याकडे बघत होतं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "टोचत नाही, निसटत नाही."

सायलीनं पन्नासही ठेवून घेतल्या. आधीच्या दहा परत द्या, त्याही दुरुस्त करून पाठवते, असं मी म्हटलं. डबा आला तर त्यात नऊच.

"एक कमी आहे," मी म्हणाले.

"ती माझ्याकडे राहू दे," मावशी म्हणाल्या. "मी रोज गर्दीच्या बसनं ऑफिसला जाते. लग्नाला गोल टोकाची घालीन. बसला ही धारेचीच बरी."

या प्रकरणातून मी एवढंच शिकले: कारागिराला वस्तू कशी हवी हे सांगून भागत नाही, ती अंगाला कुठे लागणार हेही सांगावं लागतं. आणि थर्माकोलचं मत विचारू नये. आता नवी वस्तू आधी हिरामावशी आठ दिवस वापरते, मग मी फोटो काढते.

संध्याकाळी घरी येऊन नऊ पिना अब्बांसमोर ठेवल्या आणि दहावीची हकीकत सांगितली. ते हसले नाहीत. एक पिन उचलून कानशीला लावली, जरा वेळ घासली आणि मान वर न करता म्हणाले, "त्या बाईंना फोन कर. म्हनावं, धार गेली की पाठवून द्या, लावून देतो."