राजूचा ट्रस्ट आणि सुनेचं नाव

राजूच्या ट्रस्टसाठी धरणगावहून जळगावच्या पाच खेपा झाल्या, पाच दिवस दुकान बंद राहिलं. पण मित्रांनो, आज सह्या झाल्या!

राजू माझा धाकटा भाऊ, चाळिशीतही लहान मुलासारखा. माझ्यामागे तो उघड्यावर पडायचा नाही. दोन गाळ्यांचं भाडं आता त्याचंच.

वकीलबाईंना मी ऐटीत म्हणालो, "राजूचं बठ्ठं, सगळं मीच पाहतो. विश्वस्त लिहा माझी दोन्ही पोरं."

"औषध कसं देता?" वकीलबाईंनी विचारलं.

मी सोबत आलेल्या सुनेकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "फिटची गोळी मी दह्यात देते, नाहीतर काका थुंकतात. कुकरच्या शिट्टीआधी अंगणात नेते, घाबरतात."

वकीलबाई मला म्हणाल्या, "नाना, मग हिचं नाव कुठंय?"

कागद तिथंच बदलला. पहिली विश्वस्त, माझी सून! अभिमान वाटला. तुमच्या घरी असं कोणाचं नाव राहिलंय?

गोळी दह्यात जाते, हे मला आजच कळलं.