सहाव्या नंबरची गिनती

पेटीची फळी उचकटली आणि लालबागची आमची दहा बाय बाराची खोली त्या गंधाने काठोकाठ भरून गेली. पेंढ्याचा उबदार, किंचित कुबट वास आणि त्यातून अलगद उमलणारा पिकत्या हापुसाचा मधुर दरवळ! मालवणहून सावंताने आंबे पाठवले होते. माझ्या मनात मात्र जुना सल हलला.

आम्ही दोघे एकाच पलटणीतले. शांतिसेनेतून दक्षिण सुदानला गेलो तेव्हा आमच्या तुकडीत तो सहा नंबर, मी सात. निवृत्तीनंतर दाही दिशांना पांगलेले आम्ही बाराजण गेल्या वर्षी मोबाइलवरच्या एका ग्रुपात पुन्हा गोळा झालो आणि जित्याची खोड जाईना, म्हणून सकाळची गिनती सुरू झाली. फौजी हिंदीत एकाने ‘एक’ लिहायचे, मग दुसऱ्याने ‘दो’. आधीचा बोलल्याशिवाय पुढच्याने तोंड उघडायचे नाही. नातवंडे हसतात. हसू देत बापडी! रोज सकाळी कुणीतरी आपल्यासाठी खोळंबून राहते, हे सुख काय थोडे आहे?

गिनती आटोपली की आठवणींना पालवी फुटते. ती तांबडी धूळ, तो पत्र्याच्या बराकीतला डाळभात आणि ते विशाल आम्रवृक्ष! एका गावाला पाणी पोहोचवून निघताना सावंत त्या झाडांखाली आंबे वेचायला सटकला. ‘गिनती कर!’ असा हुकूम आला आणि दोस्ताला सांभाळून घ्यायला मीच मान वळवून त्याचा ‘छे’ म्हणालो, पाठोपाठ माझा ‘सात’. धावत येऊन तो मागच्या गाडीत चढेल, अशी माझी खात्री होती. तो चढला नाही. तळावर पोहोचल्यावर ते उघडकीला आले. गाडी परत गेली, तो सुखरूप सापडला. पण शिक्षा म्हणून आठ दिवस भर उन्हात पाठीवर ओझे लादून धावला. आणि मी? मी मूग गिळून गप्प बसलो.

ग्रुपात तो अधूनमधून विचारायचा, ‘माझो नंबर कोण रे बोललो होतो?’ सगळे हसत. मी मात्र घाईघाईने विषय बदलत असे. आज त्याचे आंबे समोर ठेवून गप्प बसणे मला जमेना. सर्वांसमक्ष लिहिले, ‘सावंत, तो मी होतो. चुकलो.’

उत्तरादाखल फोनवर त्याच्या खरखरीत आवाजातला निरोप आला. “मेल्या, माका ठाऊक होता! झाडाखाली ऐकलंय मिया तुझो आवाज. वाटला, तू गाडी थांबवन ठेवशीत, म्हणान निवांत आंबे वेचीत रवलंय. तू कधी सांगतंस, त्याचीच वाट बघी होतंय.”

ठाऊक असूनही साहेबांपुढे त्याने माझे नाव घेतले नव्हते! मी पेटीतले आंबे एकेक करून पेंढ्यावर मांडू लागलो. डोळे भरून आले आणि खरे सांगतो, फार बरे वाटले.

दुसऱ्या सकाळी ‘पाँच’ आले आणि पुढे सारे शांत. दहा मिनिटे गेली, वीस गेली. साठीकडे झुकलेल्या माणसाचे मौन किती जड असते! बायकोने पेटीतला पहिला पिकलेला आंबा हातात दिला. तो चोळून मऊ करून चोखताना खोलीभर पुन्हा तोच दरवळ पसरला, पण माझी नजर फोनवरून हलेना.

मग अक्षरे उमटली: ‘छे. बागेत होतंय.’

रसाने माखलेल्या बोटाने मी ‘सात’ लिहिले.